गाडी पाणी खाते? खाऊ द्या की!

गाडीला बारा-पंधरा वर्षं झाली की ती पाणी खायला लागते. घाबरू नका. डिकीत पाच लिटरचा कॅन ठेवा, रोज सकाळी बोनेट उचला, टाकी भरा, निघा. एवढ्या भांडवलावर वर्षानुवर्षं गाडी हाकणारी माणसं सांगलीत गल्लोगल्ली आहेत आणि ती हे अभिमानानं सांगतात. इंजिनातलं पाणी बंद चक्रात फिरतं, ते डिझेलसारखं संपत नसतं, कमी झालं म्हणजे कुठून तरी बाहेर पडतंय किंवा आत जळतंय, असलं कुणी सांगायला लागलं तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

या विषयात मी अलीकडेच बराच खर्च करून शहाणा झालोय. आमच्या जुन्या डिझेल गाडीनं रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्या भरून येताना आंबा घाटाच्या चढाला तापमानाचा काटा वर नेला. तिथून पुढं भेटलेल्या जवळजवळ प्रत्येक माणसाला गळती कुठं आहे ते सोडून बाकी सगळं माहीत होतं. ते ज्ञान माझ्याबरोबर वाया जायला नको म्हणून लिहितोय.

सुरुवात घाटातच करायची. काटा लाल पट्टीला टेकला, बोनेटखालून वाफ आली की ताबडतोब रेडिएटरचं झाकण उघडा. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो, तो दाबाचा, बारमधला. एक बार जादा दाब असेल तर पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही, आणि झाकण फिरवून दाब सोडला की तेच पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. पण आपल्या हातात फडकं आहे ना! आमच्यासाठी तर एक जीपवाला मुद्दाम थांबला. "सरका दादा, मी उघडतो, आमचं रोजचंच हाय." बायको किंचाळली म्हणून तो वाचला. जाताना नाराज होऊन गेला. असो. झाकण उघडून झालं की तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओता. हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, तडा जाईल, पण जाऊ दे. पुढं गॅरेजवाल्याला त्याचा उपयोग होतो.

काटा एकाएकी खाली आला तर गाडी गार झाली असं समजून गिअर टाका. सेन्सरपाशी पाणीच उरलं नसेल, ही शंका अशुभ.

उन्हाळ्यात हीटर पूर्ण लावला तर इंजिनाची थोडी उष्णता आत खेचली जाते आणि जवळच्या सपाटीपर्यंत गाडी पोचू शकते. हे मात्र करू नका, आंबे पिकतील.

पाणी घालायचं ते बोअरचंच. निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी हे प्रमाण डब्यावर छापलेलं असतं, कारण डब्यावर काहीतरी छापावं लागतं. बोअरच्या पाण्यातले क्षार इंजिनाच्या पोटात थर धरतात आणि रेडिएटरच्या नळ्या बुजवतात. कृष्णाकाठी पाणी पाजून पाजून आपण चांगल्या काळ्या रानाची क्षारपड करून दाखवलीच आहे. मग एकट्या इंजिनानंच काय घोडं मारलंय?

कूलंटचा रंग बघून भर घाला. हिरव्यात हिरवा, लालात लाल. रंग कंपन्या आपापल्या मर्जीनं घालतात, आतली रसायनं वेगळी असू शकतात आणि काही मिश्रणांचा चिखल होतो, हे दुकानदारालाही माहीत नसतं, तर तुम्ही कशाला माहीत करून घेताय?

आता हळद. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते रेडिएटरसाठी नव्हे, पण आपल्याकडं कोण ऐकतो? मूठभर हळद रेडिएटरमध्ये टाकली की ती फुगून चिरेत बसते आणि बारीक गळती थांबतेसुद्धा. मग ती रेडिएटरच्या नळ्यांत बसते, मग हीटरच्या त्याहून अरुंद नळ्यांत. आता गाडी गळत नाही, नुसती तापते. गळती बंद करायची बाटली दुकानात मिळते तीही सगळं हेच करते, फक्त हळदीपेक्षा महाग पडते.

फॅन तापमान बघून चालू होत असेल तर तो किल्लीला डायरेक्ट जोडून घ्या. काळजी मिटते, आणि कालांतरानं फॅनही.

जुनं कूलंट गटारीत ओता. ते गोडसर असतं, गल्लीतली कुत्री आवडीनं चाटतात आणि किडन्या जाऊन मरतात.

यानंतर गॅरेज. तिथं गेल्यावर आपण तोंड उघडायचं नाही, हा पहिला नियम. सांगलीच्या शंभर फुटी रस्त्यावर मिस्त्रींची काय वाण आहे? मी ज्यांच्याकडं गेलो त्यांनी बोनेट उचललं, एक नजर टाकली आणि निकाल दिला: "रेडिएटर गेलाय." कशावरून? तर गाडी जुनी हाय. इंजिन गार होऊ द्यावं, होज, म्हणजे पाण्याचे रबरी पाइप, दाबून बघावेत, कुठला फुगलाय, कुठला भुसभुशीत झालाय, क्लिपांच्या कडेला वाळलेला थर दिसतोय का, झाकणाचं रबर चिरलंय का, यातलं काहीही न करता. झाकण दीड-दोनशेला येतं. त्याची स्प्रिंग गेली तरी पाणी शेजारच्या जादा पाण्याच्या बाटलीवाटे बाहेर पडतं. पण दीड-दोनशेच्या वस्तूनं सुरुवात करणं हा बहुधा मिस्त्रीपणाला कमीपणा असावा.

रेडिएटर नवा बसला. गाडी पाणी खातच राहिली. "मग वॉटर बॉडी असणार." वॉटर बॉडी म्हणजे वॉटर पंप. या पंपाच्या पोटाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की तिथून पाणी ठिबकतं आणि खाली ओघळ वाळतो. आमच्या पंपाचं भोक खडखडीत कोरडं होतं. मी बोटानं दाखवलं. "साहेब, आतनं गेलाय." आतनं! पंप बदलला. गाडी पाणी खातच. मग सगळे होज बदलले असं सांगण्यात आलं. सगळे म्हणजे वरचा आणि खालचा, उभ्या माणसाला वाकल्याशिवाय दिसतात ते. गाडी पाणी खातच. मग मिस्त्रींनी हात पुसले, माझ्याकडं डॉक्टर नातेवाइकांकडं बघतात तसं बघितलं आणि म्हणाले, "हेड उतरावं लागतंय."

अहो, हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालची सीलची पट्टी, उडाली असती तर पाण्याच्या बाटलीत सतत बुडबुडे आले असते. गार इंजिन चालू केल्या केल्या वरचा होज दगड झाला असता. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर आला असता, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ मळी दिसली असती. सगळ्या खुणा एकदम दिसत नाहीत, मान्य. पण इथं एकही नव्हती! शंकाच असेल तर रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरून बघता येतं. आतून जळका गॅस येत असेल तर निळा रंग बदलतो. हे मी शक्य तितक्या अजिजीनं विचारलं. उत्तर आलं, "तसलं आपल्याकडं नसतंय. आपण नुसत्या वासावर सांगतो." मग सांगा ना वासावर! रेडिएटरला कसला वास आला होता? पंपाला कसला आला होता? वास येत होता तो माझ्या पाकिटाचा, आणि तो मात्र तुम्ही अचूक ओळखलात.

हेड मी उतरवू दिलं नाही. गाडी मिरजेकडं एका पोरगेल्या मिस्त्रीकडं नेली. त्यानं आधी विचारलं, "जमिनीवर ओल दिसते का?" नाही म्हटल्यावर तो हसला. गार इंजिनावर, झाकणाच्या जागी, दाबाचं घड्याळ लावलेला हातपंप बसवला, झाकणावरच्या आकड्याएवढा दाब भरला आणि गप्प उभा राहिला. घड्याळाचा काटा सावकाश उतरायला लागला. मग टॉर्च घेऊन तो इंजिनाच्या मागं वाकला. तिथं डॅशबोर्डच्या भिंतीपाशी हीटरला जाणारा अंगठ्याएवढा जाड पाइप होता, बरोबर क्लिपखाली चिरलेला. चिरेभोवती हिरवट थर वाळलेला, आणि त्यातून एक थेंब फुगत होता, सुटत होता, खालच्या सायलेन्सरच्या नळीवर पडत होता. इंजिन तापलं की तो तिथंच वाफ होऊन जायचा. जमिनीपर्यंत पोचणार कसा? सांगितलेला चहा यायच्या आत सापडलं. पाइप आणि दोन क्लिपा, साडेतीनशे रुपये. त्यानं पाणी भरून, हीटर उघडा ठेवून, इंजिन चालू करून आतली हवाही काढली, नाहीतर एअर धरून परत तापली असती.

आणि मग त्यानं विचारलं, "वॉल कुणी काढला?"

वॉल म्हणजे थर्मोस्टॅट. आधीच्या गॅरेजमध्ये मला न विचारता काढून टाकलेला. गाडी तापते म्हणून वॉल काढायची ही आपल्या भागातली जुनी विद्या आहे. साधारण ८२ अंशांच्या आसपास उघडणारा हा वॉल इंजिन लवकर तापवतो आणि तापलेलं ठेवतो. तो काढला की इंजिन थंडच पळतं, डिझेल जास्त पितं, धूर करतं, आतून झिजतं. काही इंजिनांत तर वॉल नसला की पाणी रेडिएटर टाळून जवळच्या वाटेनं फिरत राहतं आणि गाडी उलट जास्त तापते. रोग्याला ताप आहे म्हणून थर्मामीटर…

नाही, हे आता उपरोधात बसत नाही. सरळच बोलतो.

मिस्त्री, तो दाब बघायचा पंप हजार-दोन हजारांपासून मिळतो. तुमच्या गॅरेजात कॉम्प्रेसर आहे, वेल्डिंग आहे, भिंतीवर भलामोठा टीव्ही आहे. पंप नाही, कारण पंप असला तर आधी शोधावं लागेल, आणि शोधलं तर रेडिएटर खपणार नाही. अंदाजानं पार्ट बदलत जायचं आणि प्रत्येक चुकीचे पैसे गिऱ्हाइकानं भरायचे, याला दुरुस्ती म्हणत नाहीत, लूट म्हणतात. ज्याला येत नाही त्यानं "मला सापडत नाही, दुसरीकडं दाखवा" एवढं म्हणावं. कमीपणा नाही त्यात. आणि चांगल्या गाडीचा वॉल मालकाला न विचारता काढून भंगारात टाकायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

आणि तुम्ही, दर रविवारी बाटली भरून "जुनी आहे, चालायचंच" म्हणणारे! बाटलीवर खालची-वरची रेघ आहे, तिच्याशेजारी मार्करनं तारीख घाला, किती दिवसांत किती उतरलं बघा. काम सांगण्याआधी विचारा, गळती कुठं आहे, दाखवा. दाखवता येत नसेल तर किल्ली परत घ्या. जुना पार्ट हातात मागा. पुढच्या वेळी घाटात बायकापोरं उन्हात उभी राहतील तेव्हा "चालायचंच" म्हणून दाखवा त्यांना.

पहिल्या गॅरेजचं बिल अजून माझ्याकडं आहे. रेडिएटर, वॉटर बॉडी, होज, मजुरी आणि खाली "इतर काम, बाराशे". हे इतर काम कुठलं, ते विचारायला मी सोमवारी येतोय.