खिशातली वही

परवा रायबंदरहून चोडणला जाताना फेरीबोटीत शेजारी उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलीने विचारलं, "काका, फोन हातात असताना वहीत का लिहिता?" उत्तर द्यायच्या आत बोट धक्क्याला लागली. म्हणून इथे लिहितो.

मी जत्रेतल्या नाटकांसाठी लिहितो. तीन वर्षांपूर्वी किनाऱ्यावर एका रापणकाराच्या, म्हणजे जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराच्या तोंडून ऐकलं, "दर्यान आज ना म्हळें." म्हणजे, समुद्राने आज नाही म्हटलं. तिथेच टिपून घेतलं. घरी आल्यावर आपल्या नाटकात याचं काय काम, म्हणून त्यावर काट मारली. यंदा दुसऱ्या अंकात बापाच्या तोंडी काही केल्या वाक्य सापडेना, तेव्हा जुनी वही चाळताना त्या काटेखालून तेच वाक्य वर आलं. फोनमध्ये ते मी पुसून टाकलं असतं आणि पुसलेलं परत कुणाला दिसतं? मला वही लागते ती यासाठी. आपला नकारसुद्धा ती सांभाळून ठेवते.

मेणकापडी पुठ्ठ्याची, गोल कोपऱ्यांची, इलॅस्टिकची पट्टी असलेली ती काळी वही आज मोलस्किन या नावाने विकली जाते. हा ब्रँड 1997 साली मिलानमध्ये सुरू झाला, पण तशा वह्या त्याआधीपासून पॅरिसमध्ये मिळत. इंग्रज प्रवासी लेखक ब्रूस चॅटविन त्या तिथूनच घ्यायचा. पुढे त्या बनवणारा फ्रान्समधला छोटा घरगुती कारखाना बंद पडला, याची हळहळ त्याने 1987 च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवली आहे. पासपोर्ट हरवला तर चालेल, वही हरवता कामा नये, असं तो मानत असे. मला ते पूर्ण पटतं.

पण महागडी वहीच हवी असं नाही. माझी म्हापशाच्या बाजारातली आहे. माप मात्र साधारण तेच, 9 बाय 14 सेंटिमीटर, सदऱ्याच्या खिशात मावणारं. एवढ्याशा पानावर भाषण मावत नाही. एक वाक्य, एखादा चेहरा, फार तर चार ओळी. तेवढ्यात जे सांगायचं ते सांगावं लागतं.

आपल्या गोव्यातल्या लोटलीचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांचंच घ्या. लहानपणी ते भिंतींवर चित्रं काढत, म्हणून आईने त्यांना कोरी वही आणून दिली. पुढे त्यांनी वर्षानुवर्षं चित्रांच्या रोजनिशा लिहिल्या. 1949 ते 1951 च्या त्यांच्या रोजनिशा आता छापूनही आल्या आहेत. त्या बघताना जाणवतं, हा माणूस चित्रं काढायला वेगळा बसलेला नाही. दिवस गेला तसा तो कागदावर उतरत गेला, लग्नघर, पाद्री, शेजारी, सगळे.

त्या मुलीला एवढंच सांगेन, पावसाळ्यात शाईचं पेन नको, पेन्सिल घे. बोटीत पाण्याचे शिंतोडे उडतात, शाई फुटते. पेन्सिलीचं अक्षर राहतं.