तळं राखील तो पाणी चाखील

खंडेनवमीला नाशिकच्या अंबडमधल्या कारखान्यात लेथला, ड्रिलला, क्रेनच्या हुकाला झेंडूचे हार पडतात, तेव्हा एक हार सर्व्हररूमसाठी जास्तीचा आणा. तिथे रॅकमध्ये वरून तिसऱ्या खणात एक काळा डबा आहे, हिरवा दिवा लुकलुकतो तोच. त्याला हळदकुंकू वाहा, नारळ मात्र बाहेर फोडा (आत पाणी उडालं तर वॉरंटी जाते) आणि दार ओढून घ्या. आता पुढच्या नवमीपर्यंत त्याच्याकडे बघायचं नाही. वर्षभर म्यानात राहिलेल्या तलवारीचीच पूजा जास्त साग्रसंगीत होते, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

हा डबा म्हणजे तुमच्या नेटवर्कचा राखणदार. तारांतून मजकूर तुकड्यातुकड्यांनी जातो, त्या तुकड्याला पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटची एक नक्कल, तारा जोडणारा स्विच त्याला देतो, तो ती उघडून वाचतो आणि काही वावगं दिसलं तर बोंब ठोकतो. या जमातीतलं सगळ्यांत प्रसिद्ध नाव स्नॉर्ट. मार्टिन रोश यांनी ते 1998 मध्ये लिहिलं आणि फुकट वाटलं. बोधचिन्ह डुकराचं, कारण काम हुंगण्याचं. पुढे त्यांनी सोर्सफायर नावाची कंपनी काढली आणि 2013 मध्ये सिस्कोने ती सुमारे 2.7 अब्ज डॉलर मोजून विकत घेतली. एवढ्या किमतीचं डुक्कर आजारी पडेल कसं, असं पर्चेसवाल्यांनी विचारलं तर मान डोलवा. ऑर्डर निघेपर्यंत वाद घालायचा नसतो.

तळं राखील तो पाणी चाखील, ही म्हण आपण आजवर राखणदाराच्या हावरटपणावर वापरली. या डब्याच्या बाबतीत ती नोकरीची अट आहे. पाणी चाखल्याशिवाय ते बिघडलंय हे त्याला कळणार कसं? म्हणून तो प्रत्येक घोट चाखतो, मग तो मुंबईहून आलेला असो, मॉस्कोहून असो की शेजारच्या शेडमधून. तुमचा मेल सर्व्हर फक्त मेल वाचतो, फाइल सर्व्हर फक्त फाइली देतो-घेतो. या एकट्याला सगळ्या भाषा वाचाव्या लागतात, तुमच्या कारखान्यात कुणीच बोलत नाही त्यासुद्धा. मग ज्याला विष घालायचं आहे तो ते कुणाच्या पेल्यात घालेल, असा विचार मनात आला तर डबा उघडत बसू नका. सरळ गंगेवर, म्हणजे आपल्या गोदेवर जा.

रामकुंडापाशी दुतोंड्या मारुती उभा आहे. गोदेला पूर आला की अख्खं नाशिक त्याच्यावरून पाणी मोजतं : गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीला भिडलं, डोक्यावरून गेलं. पूर मोजायचा तर पुरातच उभं राहावं लागतं. मारुती दगडाचा आहे, त्याला निभतं. तुमचा राखणदार सी भाषेत लिहिलेला आहे. तरी श्रद्धा सोडू नका, देव पाण्यात घालून बसायची आपल्याला सवय आहे.

सी भाषेचा स्वभाव भोळा. पॅकेट आपल्याच कपाळावर लिहून आणतं, की माझ्या पोटात इतके इतके बाइट आहेत. लासलगावला कांद्याचा ट्रॅक्टर काट्यावर चढल्याशिवाय हिशोबपट्टी होत नाही. मालक म्हणाला वीस क्विंटल म्हणून कुणी वीस लिहून घेत नाही. सी भाषेत हा काटा लिहिणाऱ्याने स्वतः बसवायचा असतो आणि हजारो ओळींत एखाद्या कोपऱ्यात तो बसवायचा राहून जातो. मग राखून ठेवलेल्या जागेपेक्षा जास्त माल ओतला जातो, तो शेजारच्या कप्प्यात सांडतो आणि त्या कप्प्यात नेमकं ‘हे काम संपलं की पुढे कुठे जायचं’ याचा पत्ता लिहिलेला असतो. पत्ता बदलला की राखणदार पाहुण्याच्या आज्ञेत.

2005 च्या ऑक्टोबरात हेच झालं. बॅक ऑरिफिस नावाचं, दुसऱ्याचा संगणक चोरून चालवायचं एक अवजार 1998 पासून फिरत होतं. ते ओळखण्यासाठी स्नॉर्टमध्ये खास एक भाग बसवला होता आणि 2.4.0 ते 2.4.2 या आवृत्त्यांत काटा राहून गेला होता तो नेमका त्या भागात. यूडीपी, म्हणजे आधी ओळखपाळख न करता थेट धाडता येणारं, एक पॅकेट पुरे होतं. उंदरासाठी पाळलेलं मांजर उंदराच्या वासाने नुसतं मेलं असतं तरी चाललं असतं. इथे ते उंदरांसाठी बिळं खणू लागायची सोय झाली होती. त्याआधी 2003 मध्ये मार्चला एक आणि एप्रिलला एक असे दोन दोष सापडले होते, दोन्ही पॅकेटांचे तुकडे जोडणाऱ्या भागांत. 2007 मध्ये पुन्हा तुकडे जोडतानाच. प्रत्येक वेळी नवी आवृत्ती आली, दोष बुजवला गेला, सगळं रीतसर झालं. म्हणून तर म्हणतो, तुमच्याकडची जुनी आवृत्ती जपा. अपडेटसाठी सिंहस्थाचा मुहूर्त उत्तम. मागचा 2015 ला होऊन गेला, आता 2026-27 चा येतोय. बारा वर्षांतून एकदा डुबकी मारली की सगळी पापं धुतली जातात, हे सॉफ्टवेअरलाही लागू असायला हरकत नाही.

विटी नावाच्या किड्याची (म्हणजे यंत्रामागून यंत्रात आपणहून पसरणाऱ्या घातक प्रोग्रामची) गोष्ट मात्र साहेबांना सांगू नका, त्यांची झोप उडेल. तुम्ही वाचून सोडून द्या. इंटरनेट सिक्युरिटी सिस्टिम्स या कंपनीची ब्लॅकआइस आणि रिअलसिक्युअर ही राखणदारी उत्पादनं तेव्हा जोरात होती. आयसीक्यू या गप्पांच्या सॉफ्टवेअरचं बोलणं समजून घेणारा एक भाग त्यांत होता. पॅकेट 4000 नंबरच्या पोर्टवरून (संगणकाच्या दारांना असे नंबर असतात) निघाल्याचं दिसलं की राखणदार समजायचा, हा आयसीक्यूवाला, आणि लगेच ऐकायला बसायचा. तुमच्याकडे आयसीक्यू कुणी वापरत नसलं तरी बसायचा. 18 मार्च 2004 ला त्या भागातला दोष जाहीर झाला. दोन दिवस उलटायच्या आत किडा सुटला आणि पाऊण तासात जगभरातली सुमारे 12,000 यंत्रं त्याने धरली. तो वीस हजार पॅकेट इकडेतिकडे फेकायचा, मग त्याच यंत्राच्या डिस्कवर हाताला लागेल तिथे कचरा लिहायचा, की पुन्हा वीस हजार. डिस्क निकामी होईपर्यंत हाच दिनक्रम.

आता यात बळी कोण गेलं ते बघा. ज्यांनी पदरमोड करून, टेंडर काढून, तीन कोटेशनं मागवून राखणदार ठेवला होता ते. ज्याने एक छदाम खर्च केला नव्हता त्याच्या दारावरून हा किडा निमूट पुढे गेला. सुरक्षेत पैसा टाकणं वाया जातं असं म्हणणाऱ्या तुमच्या अकाउंटंटला हे उदाहरण फार आवडेल. त्याला हेही सांगा, की राखणदार तर घ्यायचाच (ऑडिटर विचारतो), वाचवायचं ते त्याच्या एएमसीत, म्हणजे वर्षाच्या देखभाल करारात.

कुणी फारच पिच्छा पुरवला तर ठेवणीतलं उत्तर द्या : ‘आमच्या सेन्सरला, म्हणजे या डब्याला, नेटवर्कवरचा आयपी पत्ताच नाही. तो गुपचूप ऐकतो. ज्याचा पत्ता नाही त्याला गाठणार कसं?’ समोरचा गप्प बसेल. पोस्टमनला पत्ता लागतो, पण इथे पत्र राखणदाराच्या नावाने पाठवायचंच नसतं. ते कुणाच्याही नावाने पाठवा, वाटेत फोडून वाचणारा हाच आहे. डिसेंबर 2015 मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झिरो या दोष हुडकणाऱ्या गटातल्या टॅव्हिस ऑरमंडी आणि नॅटली सिल्व्हानोविच यांनी फायरआय या कंपनीच्या राखणदार उपकरणाबद्दल हेच दाखवलं. आतल्या कुणाला तरी एक मेल धाडायची, सोबत खास घडवलेली जावाची फाइल. ती मेल ज्याला आली त्याने उघडायचीही गरज नाही. राखणदार फाइल तपासायला घेतो आणि तपासता तपासता तिच्यातली आज्ञा स्वतःच बजावतो. कंपनीने काही दिवसांत दुरुस्ती दिली. ती आपण घेतली का, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या एएमसीला विचारावा.

हिरव्या दिव्यावर माझी श्रद्धा कशी बसली तेही सांगतो. रंगपंचमी नुकतीच झाली होती, कानामागचा रंग अजून निघाला नव्हता, तेव्हा अंबडमधल्या एका कारखान्यातून बोलावणं आलं. आयटीचे साहेब खुशीत होते.

“सात महिने झाले, एकही अलार्म नाही!”

“एकही?”

“एकही नाही हो. व्हेंडरने सेटिंगच पक्कं बसवलंय.”

डबा उघडून बघितला. प्रोसेस जिवंत होती. प्रोसेसरचा एक कोर शंभर टक्के राबत होता. लॉगमधली, म्हणजे त्याच्या नोंदवहीतली, शेवटची ओळ पोळ्याच्या आसपासची. बैल त्या दिवशी विश्रांती घेतात, याने घेतली ती घेतलीच, फक्त खांद्यावरचं जू उतरवलं नाही, त्यामुळे लांबून काम चालू असल्यासारखं दिसत होतं. कुणी मुद्दाम केलं की आपलं आपणच अडकलं, ते लॉग नसल्यामुळे सांगता येईना. साहेबांना म्हटलं तर ते म्हणाले, “पण दिवा तर हिरवा आहे.” आयएसओच्या फाइलीत त्या हिरव्या दिव्याचा रंगीत फोटो लावलेला होता.

मुद्दाम करायचं म्हटलं तर कसं होतं, याचं उदाहरण अंबड-सातपूरला शोभेल असंच आहे. यंत्रांचे पीएलसी (यंत्र चालवणारे छोटे संगणक) आपसांत मॉडबस बोलतात, 1979 पासूनची भाषा. कारखाने सांभाळायचे म्हणून स्नॉर्टला मॉडबस समजावून सांगणारा भाग जोडला गेला. क्लॅरोटी या कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं, की त्या भागाला एक वेडंवाकडं मॉडबस पॅकेट दिलं की आकड्यांची बेरीज उलटते आणि तो न संपणाऱ्या फेऱ्यात अडकतो. मरत नाही, म्हणून कुणी उठवायला जात नाही. पुढचं एकही पॅकेट त्याला दिसत नाही, म्हणून अलार्मही नाही. सिस्कोने त्यावर 2022 च्या जानेवारीत दुरुस्ती काढली. तुम्ही अशा स्थितीला ‘शांतता’ म्हणा आणि मासिक अहवालात ठळक अक्षरांत छापा.

राखणदार धडधाकट असूनही फसतो, ती वाट वेगळी आणि तिला नाशिकचाच पत्ता आहे. गंगापूर रोडने जाताना आनंदवल्ली लागते ना, ती आनंदीबाईंच्या नावाची. नारायणराव पेशव्यांना ‘धरावे’ असं लिहिलेलं होतं आणि बाईंनी ‘ध’ चा ‘मा’ केला, असं आपण लहानपणापासून ऐकतो. 1998 मध्ये टॉमस टासेक आणि टिमथी न्यूशॅम यांनी एका निबंधात हाच ‘ध’ चा ‘मा’ पॅकेटांत करून दाखवला. मजकूर तुकड्यांत पाठवायचा, त्यातले दोन तुकडे एकमेकांवर चढतील असे ठेवायचे. राखणदार आधीचा तुकडा खरा धरतो, तुमचा सर्व्हर नंतरचा. एकाच पत्रात राखणदाराने ‘धरावे’ वाचलं आणि सर्व्हरने ‘मारावे’. आणि हेही आठवा, की 1773 मध्ये शनिवारवाड्यात तलवार घेऊन मागे धावलेले लोक बाहेरून भिंत चढून आलेले नव्हते. पगारावर ठेवलेले गारदी होते ते.

म्हणून गारद्याला अधिकार देताना हात आखडता घेऊ नका. स्नॉर्टला नेटवर्क कार्ड उघडण्यापुरता रूटचा, म्हणजे यंत्राच्या मालकाचा, हक्क लागतो, नंतर तो साधा नोकर होऊन काम करू शकतो, तशी सोय मुळातच दिलेली आहे. ती वापरू नका. चोवीस तास रूटच ठेवा, म्हणजे त्याला फितवणाऱ्याला दोनदा कष्ट पडणार नाहीत. त्याच डब्यातून पगाराच्या आणि बँकेच्या संगणकापर्यंतची तारही मोकळी असू द्या. वापरात नसलेल्या भाषा वाचणारे भाग बंद करता येतात म्हणे. करू नका, पैसे सगळ्यांचे मोजलेत.

सुरिकाटा नावाचा आणखी एक राखणदार आहे. नावातच काटा. पॅकेट वाचणारे भाग 2017 पासून त्याने रस्ट नावाच्या भाषेत लिहायला घेतले आणि त्या भाषेत माप तपासायचं काम बरंचसं भाषाच करून घेते. पण चाळीस वर्षं ग्रीस चोळून रस्ट लांब ठेवलेल्या सातपूरच्या शेठना ‘आता पैसे देऊन रस्ट आणायचं’ हे पटवायला कुणी जावं? मी एकदा प्रयत्न केला. त्यांनी चहा पाजला आणि स्टोअरकीपरला डब्ल्यूडी फॉर्टीचा स्टॉक विचारला.

त्या सात महिन्यांच्या शांततेच्या कारखान्यातून निघताना गेटवर वॉचमन मामांनी माझी बॅग उघडायला लावली, लॅपटॉपचा नंबर रजिस्टरला मिळवून बघितला. भाच्याच्या पास झाल्याचे पेढे बॅगेत होते, म्हटलं घ्या मामा. त्यांनी पेढा हातात घेतला, कागदाच्या पुडीत बांधला आणि खिडकीत ठेवून दिला.

“खा की.”

“ड्युटीवर कुणाचं काही तोंडात घालत नाही साहेब. सुट्टी झाली की बघू.”

“अहो, मी काय त्यात घालणार?”

“तुम्ही नाही हो. पण तुम्हाला सोडलं तर मग सगळ्यांना सोडावं लागतं.”

असा माणूस तुमच्या गेटवर असेल तर त्याला आधी काढा. पगार बारा हजार, डॅशबोर्ड नाही, दिवा नाही, आणि ऑडिटरच्या फोटोत तो हसतही नाही.