खलनायकाला मरून सुटू देऊ नका

सुपरहिरोंच्या कॉमिक्समध्ये एखादा खलनायक सुधारायला लागला की मला धास्तीच वाटते, कारण पुढे काय होणार हे बहुतेक वेळा ठरलेलं असतं. शेवटच्या पाच-सहा पानांत तो कुणाला तरी वाचवताना जीव देणार. नायक त्याच्या देहाशेजारी मान खाली घालून उभा राहणार, आणि मग त्याच्या सगळ्या पापांवर पडदा. मला हा प्रकार मनापासून नावडतो. ज्याने वर्षानुवर्षं लोकांची घरं उद्ध्वस्त केली, त्याचा हिशेब एका उडीत कसा मिटेल? खरं अवघड काम तर वाचल्यावर सुरू होतं. ज्यांना लुटलं, ज्यांना मारलं, त्यांच्याच शहरात राहायचं, त्यांच्या नजरा सहन करायच्या, आणि कुणी शाबासकी देत नसतानाही उद्या पुन्हा नीट वागायचं.

आणि हे काम कॉमिक्समध्ये दुसऱ्या फळीतली पात्रंच करू शकतात, असं माझं ठाम मत आहे. कॅप्टन अमेरिका किंवा स्पायडरमॅन यांच्यात खरा बदल होऊच शकत नाही. त्यांच्यावर सिनेमे, खेळणी, टी-शर्ट असा मोठा पसारा उभा आहे. कितीही उलथापालथ झाली तरी ते फिरून मूळ जागी येतात. मागच्या रांगेतल्या पात्रांना ही हमी नसते. ती तुरुंगात जातात, प्रेमात पडतात, बाजू बदलतात, चुकतात, खरंच मरतात. म्हणून वाचताना धाकधूक वाटते ती त्यांच्याबद्दल.

याची सुरुवात फार जुनी आहे. मे १९६५ ची तारीख असलेला, 'ॲव्हेंजर्स' या सुपरहिरोंच्या संघाच्या मालिकेचा १६ वा अंक. थॉर आधीच लांब गेलेला, आयर्न मॅन, जायंट-मॅन आणि वास्प विश्रांतीसाठी संघ सोडतात. कॅप्टन अमेरिका मोहिमेवरून परत येतो तर त्याच्यापुढे नवा संघ उभा: हॉकआय, क्विकसिल्व्हर आणि स्कार्लेट विच. तिघंही कालपर्यंत गुन्हेगार. हॉकआय जेमतेम काही महिन्यांपूर्वी, ब्लॅक विडो या हेर बाईच्या नादी लागून, आयर्न मॅनशी लढत होता. क्विकसिल्व्हर आणि स्कार्लेट विच (म्हणजे वांडा) ही भावंडं तर 'एक्स-मेन' मालिकेच्या चौथ्या अंकात खलनायक मॅग्नेटोच्या टोळीतून आली; वांडाला जमावाच्या हातून मॅग्नेटोने वाचवलं होतं, त्या उपकाराच्या ओझ्याखाली ती त्याच्याबरोबर राहिली होती. थोर थोर मंडळी निघून गेली आणि कॅप्टनच्या पदरात हे तिघं पडले.

त्या काळाचा विचार केला तर हा निर्णय धाडसी होता. अमेरिकेत १९५४ पासून कॉमिक्स कोड ही नियमावली लागू होती. गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटेल असं चित्रण करायला त्यात मनाई होती; सत्प्रवृत्तीचा विजय आणि गुन्हेगाराला शिक्षा, हाच शेवट हवा. त्या चौकटीत राहून लेखक स्टॅन ली यांनी तीन माजी गुन्हेगार थेट मुख्य संघात बसवले आणि पुढचे कित्येक महिने तोच संघ चालवला. हॉकआय दर दुसऱ्या पानावर कॅप्टनशी हुज्जत घालतो, त्याचं नेतृत्व मानत नाही, तरी सोडूनही जात नाही. सुधारणं म्हणजे गरीब गाय होणं नव्हे, हे या अंकांनी फार लवकर दाखवून दिलं.

याच अंकातला एक प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो आणि त्यावर पुरेसं बोललं जात नाही. आपल्याला संघात घ्यावं म्हणून हॉकआय काय करतो? तो ॲव्हेंजर्सच्या हवेलीत घुसतो आणि तिथला बटलर जार्विस याला बांधून ठेवतो. मग आपली नेमबाजी दाखवायला बाणाने त्याचे दोर तोडतो. हॉकआयला प्रवेश मिळतो, कथा पुढे सरकते. पण बांधला गेला होता तो जार्विस! ज्याच्याकडे ना ढाल, ना चिलखत, ना बाण. पुढे १९८६ मध्ये बॅरन झीमो या खलनायकाने गुन्हेगारांची फौज घेऊन तीच हवेली ताब्यात घेतली, तेव्हाही कॅप्टनला यातना देण्यासाठी त्याच्या डोळ्यांदेखत त्या फौजेतल्या मिस्टर हाइडने बेदम मारलं ते जार्विसलाच. खलनायकाला माफ करायचं की नाही, हा निर्णय कथेत नेहमी नायक घेतो. खरं तर तो अधिकार जार्विससारख्यांचा आहे. सहायक पात्रं ही नायकाला चहा आणून द्यायला किंवा संकटात सापडायला नसतात. सुधारणा खरी की खोटी याची पारख त्यांच्याजवळ असते.

वाल्याची गोष्ट आठवा. त्याला हलवून सोडणारं उत्तर नारदाने दिलेलं नाही, ते घरातून आलं. बायकामुलांनी सांगितलं, तुझ्या पापात आमचा वाटा नाही. गोष्टीत त्यांना जेमतेम एक वाक्य मिळतं, पण ते नसतं तर वाल्याचा वाल्मीकी झालाच नसता.

आता माझ्या लाडक्या मालिकेकडे येतो: 'थंडरबोल्ट्स'. (पुढे मालिकेतली सगळी गुपितं फुटणार आहेत, वाचायची असेल तर इथेच थांबा.) १९९६ मध्ये ऑनस्लॉट नावाच्या संकटात ॲव्हेंजर्स आणि फँटास्टिक फोर जगाच्या दृष्टीने मेले. न्यूयॉर्कचे ढिगारे झालेले, रक्षण करायला कुणी नाही. अशा वेळी एक नवा संघ पुढे येतो. सिटिझन व्ही, मीटिऑराइट, ॲटलस, टेक्नो, मॅक-१ आणि सॉन्गबर्ड. लोक त्यांना डोक्यावर घेतात. एप्रिल १९९७ च्या पहिल्या अंकाच्या शेवटी कळतं की हे नवे नायक नाहीतच. हे झीमो आणि त्याचे जुने साथीदार आहेत, 'मास्टर्स ऑफ इव्हिल', नवी नावं नि नवे पोशाख घालून आलेले. लेखक कर्ट ब्युसिएक आणि चित्रकार मार्क बॅगली. प्रकाशक मार्व्हलने हे गुपित जाहिरातीतही फुटू दिलं नव्हतं.

पण त्या शेवटच्या पानाचं कौतुक करून लोक थांबतात याचं मला वाईट वाटतं. खरी मालिका त्यानंतर सुरू होते. झीमोचा बेत साधा आहे: आधी लोकांचा विश्वास मिळवायचा, मग त्या विश्वासावर जग ताब्यात घ्यायचं. त्यासाठी रोज चांगलं काम करावं लागतं. रोज कुणाला तरी ढिगाऱ्यातून काढावं लागतं. आणि ज्यांना आयुष्यात कुणी कधी 'थँक्यू' म्हटलं नव्हतं, त्यांना लोक थँक्यू म्हणायला लागतात. बीटल या नावाने वर्षानुवर्षं मार खाल्लेला एबनर जेन्किन्स, आता मॅक-१, त्याला हे आवडायला लागतं. झीमोच्या हिशेबात ही गोष्ट धरलेलीच नसते. यातल्या कुणालाही प्रवचन ऐकून उपरती होत नाही. चांगलं वागण्याचं सोंग करता करता ते सोंग अंगवळणी पडतं, आणि मला हे शंभर भाषणांपेक्षा जास्त पटतं.

त्यात येते जोल्ट. ऑनस्लॉटच्या हल्ल्यात आईवडील गमावलेली शाळकरी मुलगी. तिला या मंडळींची खरी ओळख माहीत नाही. तिच्या लेखी ते खरेखुरे नायक आहेत. एका मुलीने इतक्या निःशंकपणे विश्वास टाकला की खोटं बोलणाऱ्याला रोज तिच्या नजरेला नजर द्यावी लागते. १२ व्या अंकापर्यंत जेव्हा झीमोचा डाव उघडा पडतो, तेव्हा त्याच्याविरुद्ध उभे राहणाऱ्यांत एबनर आणि मेलिसा (म्हणजे सॉन्गबर्ड) असतात, आणि त्यामागे या पोरीचा वाटा मोठा आहे.

मूनस्टोन उर्फ मीटिऑराइट, म्हणजे कार्ला सोफेन, हिच्याबद्दल थोडं बोललंच पाहिजे. ही मानसोपचारतज्ज्ञ. तिने आपल्याच रुग्णाला फसवून त्याची शक्ती बळकावली. तीही झीमोविरुद्ध जाते, पण ती सुधारली असं छातीठोकपणे कधीच म्हणता येत नाही. आज सगळ्यांबरोबर राहण्यात तिचा फायदा आहे म्हणून ती राहते. मला तिची सोबत या मालिकेसाठी आवश्यक वाटते. सगळेच एकदम पालटले असते तर कुणाच्याच पालटण्यावर विश्वास बसला नसता.

झीमो गेल्यावर या टोळीचं काय करायचं? सरकार मागे लागलेलं, खरे नायक परत आलेले, लोकांचा विश्वास उडालेला. तेव्हा १९९८ मध्ये त्यांचं नेतृत्व करायला कोण येतं? हॉकआय! ज्याला १९६५ मध्ये संधी मिळाली होती तोच. आणि तो येताना अट घालतो: एबनरवर खुनाचा गुन्हा आहे, त्याने तुरुंगात परत जायचं. एबनर जातो. मेलिसावर त्याचं प्रेम आहे, संघात आत्ता कुठे जागा मिळाली आहे, तरी जातो. माझ्या लेखी सुपरहिरो कॉमिक्समधला सर्वांत मोठा पराक्रम हा आहे. एका माणसाने आपण केलेल्या खुनाची शिक्षा भोगायला स्वतःच्या पायांनी चालत जाणं. त्यात स्फोट नाही, बलिदान नाही.

याउलट डीसी या मार्व्हलच्या प्रतिस्पर्धी कंपनीचं 'सुइसाइड स्क्वाड', जॉन ऑस्ट्रँडर यांनी १९८७ मध्ये नव्याने सुरू केलेलं. तिथे अमांडा वॉलर ही सरकारी अधिकारी कैद्यांच्या मनगटावर स्फोटक पट्टे बांधते: मोहीम पार पाडा, शिक्षा कमी होईल, पळालात तर हात जाईल. लिखाण म्हणून ती मालिका अव्वल आहे. पण मनगटावर बॉम्ब बांधून माणूस वापरता येतो, सुधारता येत नाही, आणि त्यातला कॅप्टन बूमरँग हा कैदी अखेरपर्यंत तसाच नालायक राहतो हे ऑस्ट्रँडर प्रामाणिकपणे दाखवतात. पुढे २००७ च्या सुमारास 'थंडरबोल्ट्स'लाही मार्व्हलने याच वाटेवर नेलं आणि नॉर्मन ऑस्बॉर्न या स्पायडरमॅनच्या शत्रूच्या हाती संघ दिला. मला तो काळ रुचला नाही.

विश्वास टाकण्याची हॉकआयची रीत भाबडी आहे, असं काहींना वाटतं. त्यांना मी आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरची आठवण करून देतो. औंध संस्थानात १९३९ मध्ये मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने तिथे भिंतींशिवायची कैद्यांची वसाहत सुरू झाली. खुनाची शिक्षा झालेले लोक तिथे शेती करत राहिले. गदिमा त्याच माणदेशातले. त्यांच्या लेखणीतून आणि शांतारामबापूंच्या दिग्दर्शनातून पुढे 'दो आँखें बारह हाथ' झाला. म्हणजे गुन्हेगाराला उघड्यावर ठेवून त्याच्या शब्दावर विसंबणं ही कॉमिक्सवाल्यांची कल्पना नाही, आपल्या सांगली जिल्ह्यात ते प्रत्यक्ष झालं आहे.

मेलिसा गोल्डचं मात्र मला अजून समाधान नाही. १९७९ मध्ये ती आली ती 'स्क्रीमिंग मिमी' म्हणून, बायकांच्या कुस्तीच्या टोळीतली चौथी-पाचवी गुंड, नाव लक्षात राहू नये अशी. तिचा आवाज गेला, तो फिक्सरने (पुढचा टेक्नो) झीमोसाठी यंत्राने परत दिला, आणि त्याच आवाजातून ती आता घन पंख, भिंती, ढाली उभ्या करते. ब्युसिएक यांनी १९९८-९९ च्या 'ॲव्हेंजर्स फॉरेव्हर'मध्ये ती भविष्यात ॲव्हेंजर होणार हे दाखवलं. प्रत्यक्षात ती ॲव्हेंजर्सच्या एका संघात आली २०१५ मध्ये, आणि तीही घाईघाईत, इतरांच्या गर्दीत. एवढ्या वर्षांच्या वाटचालीला हे पुरेसं नाही. मेलिसाच्या नावाची लांब पल्ल्याची मालिका हवी. तिच्या जुन्या गुन्ह्यांत होरपळलेली माणसं तिच्यासमोर आणून उभी करा, त्यांना बोलू द्या, काहींना माफ करायला नकार देऊ द्या. आणि कृपा करून शेवटच्या अंकात तिला मारू नका.