नुसती काळी शाई पुरत नाही

प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ‘फक्त काळी शाई’ निवडली की कृष्णधवल फोटो-प्रिंटचा प्रश्न मिटला, असं इंकजेट प्रिंटरवर फोटो छापण्याबद्दलच्या एका लेखात म्हटलंय. इतकं सोपं असतं तर काय हवं होतं! एकट्या काळ्या शाईने छापलं की गालावरच्या किंवा आभाळातल्या फिकट छटांत ठिपके उघडे पडतात. बरं, रंगीत शायांच्या मिश्रणातून करडा काढावा, तर तोच प्रिंट खिडकीपाशी हिरवट आणि पिवळ्या दिव्याखाली लालसर. म्हणूनच एप्सन या प्रिंटर कंपनीने २००५ च्या ‘के३’ या शायांच्या संचात काळ्याच्या ३ पातळ्या दिल्या: काळी, फिकी, त्याहून फिकी.

असा प्रिंटर असेल तर ड्रायव्हरमधला (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला) ‘अ‍ॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट’ मोड बहुतेकांना पुरे आहे. रॉय हॅरिंग्टन यांचं ‘क्वाडटोन रिप’ हे छपाईचं सॉफ्टवेअर त्यापुढचं. कुठली शाई कुठल्या छटेला किती पडावी, हे त्यात स्वतः ठरवता येतं. पण ते मुख्यतः एप्सनसाठीच आहे. कॅननवाल्यांनी आधी चौकशी करावी.

शुद्ध कार्बनच्या शाया टिकतात उत्तम, फक्त झाक तपकिरी येते. मला पोर्ट्रेटला आवडते, बर्फाच्या फोटोला अजिबात नाही.

आणि कागद! मॅट, म्हणजे बिनचमकीच्या कागदासाठीची ‘मॅट ब्लॅक’ शाई ग्लॉसी, म्हणजे चकचकीत कागदावर धरत नाही, बोट फिरवलं की पुसली जाते. उलट ग्लॉसी कागदासाठीची ‘फोटो ब्लॅक’ शाई मॅट कागदावर मारली की काळा राखाडी दिसतो. लेखात यावर एक ओळही नाही, अर्ध्या तक्रारी तर इथूनच सुरू होतात.