रिपोर्ट नॉर्मल आहे, मग दुखतंय कोणाला?

"शक्यतो मूल उचलू नका."

हा सल्ला आज मला मिळाला, आणि देणाऱ्या डॉक्टरांच्या समोर मी बसले होते ती अडीच वर्षांचा मुलगा मांडीवर घेऊन, जो त्यांच्या टेबलावरचं पेन ओढायला अर्धा माझ्या खांद्यावरून लोंबकळत होता. पण ते दिसायला मान वर करावी लागते ना. साहेब स्क्रीनवर माझ्या गुडघ्याच्या एमआरआयचे फोटो खालीवर सरकवत होते. "लिगामेंट छान आहे, मेनिस्कस छान आहे, सगळं नॉर्मल आहे मॅडम." अहो मग दुखतंय का? "या वयात तसं काही नसतं. जास्त विचार करू नका."

म्हणजे मी विचार करते म्हणून गुडघा दुखतो! रात्री तीनला पोरगं रडत उठतं आणि मी पलंगावरून उतरताना वाटीखाली जी चमक निघते ती काय मी विचार करून काढते? त्या वेळी माझ्या डोक्यात विचार नावाची गोष्टच नसते हो.

आणि सगळ्यात संताप कशाचा, तर गुडघ्याला हात लावला नाही. तक्रार गुडघ्याची, फाईल गुडघ्याची, बाहेर एवढा वेळ ताटकळले ती गुडघ्यासाठी, आणि गुडघा बिचारा टेबलाखाली तसाच. वर निघताना हातात यादी: जिने टाळा, खाली बसू नका, उकिडवं तर अजिबात नको, मूल उचलू नका, आराम करा. आराम! डायपर काय उभ्याने बदलू? बाथरूमच्या फरशीवर बसकण मारून हातपाय आपटणाऱ्या माणसाला अंघोळ कशी घालायची, पाईप लावून? सोफ्याखाली गेलेला चेंडू मला *आत्ताच्या आत्ता* हवाय असं जो ओरडतो त्याला सांगते की बाळा, आईला उकिडवं बसायला मनाई आहे, तू लेखी अर्ज दे.

बरं, मी काय पहिल्यांदा गेले होते का? एक्स-रे झाला, त्यात हाडं मस्त. एक्स-रेत कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर, दिसतच नाही हे मला नंतर कळलं, तोवर सगळ्यांनी "बघ, काही नाही" म्हणून अभिनंदन करून झालं होतं. मग रक्त. युरिक अॅसिड नॉर्मल. संधिवातासाठीचा आरए फॅक्टर निगेटिव्ह. आणि मग व्हिटॅमिन डी कमी आलं तेव्हा मला जो आनंद झाला तो कोणाला सांगायची सोय नाही, मी अक्षरशः रिपोर्टचा फोटो काढून नवऱ्याला पाठवला, बघ कमी आहे!! कारण सापडलं एकदाचं. आठवड्याला एक पुडी असा कोर्स केला, डी वर आलं, परत तपासलं, एकदम टकाटक. गुडघा होता तिथेच.

नवऱ्याचंही सांगायलाच हवं. "माझाही दुखायचा गं कॉलेजात, मी लक्षच दिलं नाही, गेला." हे वाक्य तो सोफ्यावर पाय लांब करून म्हणतो. आणि मावश्या, काकवा, ऑफिसातले हितचिंतक? एक म्हणते वंगण संपलं असेल. दुसरी म्हणते गादी झिजली असेल, आता ऑपरेशनच. तिसरी काही विचारतसुद्धा नाही, नुसती वरून खाली बघते आणि "वजन जरा..." एवढंच बोलून थांबते. हे "जरा" म्हणणारे लोक माझ्या डोक्यात जातात. आणि डिलिव्हरीनंतर होतंच असं, हे तर सगळ्यांचं लाडकं. अगं बाई, त्याला आता अडीच वर्षं झाली, तो शू-शू स्वतः सांगतो, अजून किती दिवस सगळं डिलिव्हरीच्या खात्यावर मांडणार आहात? उद्या माझा फोन हँग झाला तरी डिलिव्हरीच का?

आणि तो शून्य ते दहाचा फॉर्म! तुमची वेदना किती, गोल करा. कधीची विचारताय? सरळ रस्त्यावर चालताना दोन. मीटिंगमध्ये पाय दुमडून तासभर बसून उठताना सहा. जिना चढताना पाच आणि उतरताना सात, हो, उतरतानाच जास्त, हे सांगितलं की समोरचा असं बघतो जसं काही मी हिशेबात चुकलेय. अंगावर झोपलेलं मूल घेऊन उतरताना आकडा नाही, शिवी आहे, पण ती मनातल्या मनात, कारण झोपलेला उठेल.

एक फिजिओ मुलगी मात्र भेटली मधे, तिने पहिल्यांदा वाटी बोटांनी धरून हलवून बघितली, एका पायावर उभं केलं, हळूच खाली वाकायला लावलं आणि म्हणाली बहुतेक वाटीमागचं दुखणं आहे, पॅटेलोफेमोरल, हे फोटोत दिसेलच असं नाही, मांडीचे आणि कमरेच्या बाजूचे स्नायू कमी पडतायत. जिना चढताना वाटीवर शरीराच्या वजनाच्या साधारण तिप्पट भार येतो म्हणाली. म्हणजे माझं तेरा किलोचं रत्न वाटीला चाळीसला पडतं. हे ऐकून मला रडूच यायचं बाकी होतं, दुःखाने नाही हो, कोणीतरी हिशेब दिला म्हणून. आज हेच डॉक्टरांना सांगितलं तर "हो, करा हवं तर फिजिओ." हवं तर!! ती म्हणते भिंतीला टेकून थोडं वाका, स्नायू वापरा, हे म्हणतात वाकूच नका. आता मी कोणाचं ऐकून कुठल्या कोनात उभी राहू?

तोवर माझी प्रगती अशी की मी पायाच्या बोटांनी ठोकळे, क्रेयॉन, मोजे सगळं उचलते. एक पाय भिंतीला, दुसऱ्या पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात क्रेयॉन, तिथून गुडघा न वाकवता हातात. सर्कसवाल्यांनी संपर्क साधावा. जमिनीवरून उठताना आधी चार पायांवर येते, मग सोफा धरते, मग "आई गं" म्हणते, मग उठते. हा क्रम घरातल्या लहान सदस्याने पूर्ण आत्मसात केला आहे. परवा पाहुण्यांसमोर तो खेळता खेळता उठला, गुडघ्यावर हात ठेवला आणि "आई गंऽऽ" म्हणून लांब सुस्कारा सोडला. पाहुण्या म्हणाल्या अय्या, याचेही दुखतात का? आता त्याचंही व्हिटॅमिन डी तपासा म्हणे.

व्यायाम करतेय, नाही असं नाही. पाठीवर झोपून पाय सरळ वर उचलायचा, पाच सेकंद धरायचा, खाली. रिकामी आडवी आई दिसली की तो लगेच पोटावर स्वार होतो आणि मोजणी स्वतःकडे घेतो. त्याच्या मोजणीत दोननंतर थेट दहा येतात, त्यामुळे माझे सेट फार पटापट होतात. फिजिओला याबद्दल काही कळवलेलं नाही. बारा आठवडे तरी धरून चला म्हणालीय, तिच्या आकड्यांचे की त्याच्या ते बघू.

आणि घरी येऊन टेकते न टेकते तोच हॉस्पिटलचा मेसेज, "आपला आजचा अनुभव कसा होता?" पाच चांदण्या. मी एक दाबली. लगेच पुढचा चौकोन, कृपया कारण लिहा, कमाल शंभर अक्षरे.

शंभर अक्षरांत माझं "दीड तास बसवून" एवढंच होतं, गुडघ्यापर्यंत पोचतच नाही मी.