या खेळात अक्कल गुडघ्यातच हवी

बायकांच्या फ्रीस्कीइंगचा, म्हणजे स्की पायाला बांधून मारायच्या उड्या-कसरतींचा विषय निघाला की गाडी गिरक्यांवर जाते. २०२२ च्या जानेवारीत तेस लेदोने ॲस्पेनला १६२० अंश, म्हणजे साडेचार गिरक्या मारल्या. पुढच्याच महिन्यात बीजिंग ऑलिम्पिकला आयलीन गूने तशीच उडी मारून बिग एअरचं, म्हणजे एकाच मोठ्या उडीच्या प्रकाराचं सुवर्ण नेलं. भारीच! पण मला जास्त कौतुक मारी मार्टिनोचं. फ्रान्सच्या या बाईने खेळ सोडला होता, २००९ मध्ये मुलगी झाली, आणि कॅनडाची स्कीपटू सेरा बर्क हिने मागे लागून तिला परत आणलं. मग हाफपाइपमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंना भिंती असलेल्या बर्फाच्या अर्ध्या नळीत, सोचीला रौप्य आणि ३३ व्या वर्षी प्याँगचांगला पुन्हा रौप्य. एवढं टिकायला हिंमत लागतेच, पण त्याआधी गुडघा लागतो.

हाफपाइपची भिंत जवळपास ७ मीटर, उडी त्याच्याही वर. उतरताना वजन जरा मागे राहिलं की स्कीचं शेपूट आधी टेकतं, स्की पुढे आपटते आणि ताठ बुटाची मागची कड पोटरीला पुढे रेटते. नडगीचं हाड मांडीच्या हाडाखालून पुढे सरकू नये म्हणून आत जो दोर असतो तो एसीएल. तोच तुटतो.

मग बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडताना सोडणारी पकड, का सुटलं नाही? कारण नेहमीच्या बाइंडिंगमधून चवडा बाजूला सुटतो आणि टाच वर. मागे रेलून पडताना जोर चवडा वर उचलायच्या दिशेने येतो, आणि तिकडे बहुतेक बाइंडिंगं ढिम्म हलत नाहीत. म्हणजे बाइंडिंगवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. नडगीच्या हाडाला मागे धरून ठेवणारा मांडीचा मागचा स्नायू कमवायचा, आणि खोक्यावरून उडी मारून उतरताना गुडघे आत वळत नाहीत ना, हे रोज कुणाला तरी समोरून बघायला लावायचं. स्त्रियांमध्ये ही दुखापत जास्त होते, त्यामुळे हा रटाळ व्यायाम उन्हाळाभर टाळता येत नाही.

ऑपरेशननंतर घात होतो तो चौथ्या-पाचव्या महिन्यात, कारण दुखणं थांबलेलं असतं. नवा दोर तेव्हा कच्चाच असतो. निदान ९ महिने, आणि त्या पायाची ताकद दुसऱ्याच्या ९० टक्क्यांवर आल्याशिवाय उडी नाही. परततानाही आधी साधा उतार, मग हवेच्या मोठ्या गादीवर उतरणं, मग छोटा जंप. पाठ पुढे करून उलटं उतरणं सगळ्यात शेवटी. हाफपाइपवाल्या कॅसी शार्पचा एसीएल जानेवारी २०२१ मध्ये गेला आणि तेरा महिन्यांनी तिने बीजिंगला रौप्य घेतलं.

आता कागद. प्रायोजकाचं मानधन स्पर्धांच्या संख्येला बांधलेलं असेल तर बाळंतपण म्हणजे थेट कपात. म्हणून गरोदरपणाचं कलम दुखापतीच्या कलमात कोंबू द्यायचं नाही, वेगळं लिहून घ्यायचं: मानधन चालू, तो हंगाम कराराच्या मुदतीत पुढे जोडलेला आणि स्पर्धेऐवजी फोटो किंवा फिल्मचं काम चालेल असं स्पष्ट. विमा तर शब्द न् शब्द वाचायचा. सेरा बर्क जानेवारी २०१२ मध्ये पार्क सिटीला पडली ती प्रायोजकाच्या कार्यक्रमात सराव करताना. राष्ट्रीय संघटनेचा विमा तिथे लागू नव्हता, आणि ती गेल्यावर हॉस्पिटलच्या बिलासाठी लोकांकडून ऑनलाइन वर्गणी गोळा करावी लागली. स्कीचा हाफपाइप ऑलिम्पिकमध्ये यावा म्हणून जिने सगळ्यांच्या मागे लकडा लावला होता, तिच्यावर ही वेळ!

तिशीनंतर बऱ्याच जणी पाइप सोडून मोकळ्या डोंगरात, फिल्मकडे वळतात. गुडघ्याला तिथला मऊ बर्फ बरा, धोका मात्र हिमस्खलनाचा. बीकन (गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं रेडिओ यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) प्रत्येकीकडे हवंच, कारण गाडलेल्या माणसाकडे जेमतेम १०-१५ मिनिटं असतात. स्कीपटू एलिस सॉगस्टॅड फेब्रुवारी २०१२ मध्ये अमेरिकेतल्या स्टीव्हन्स पासजवळच्या हिमस्खलनात सापडली आणि पाठीवरच्या पिशवीतल्या फुगणाऱ्या एअरबॅगमुळे वाचली. त्याच लोंढ्यात तिघे गेले. ती एअरबॅग आपोआप फुगत नाही, हँडल ओढावं लागतं. म्हणून ओढायचा सराव जाड हातमोजे घालूनच करायचा, आणि दोन्ही हातांनी, कारण एक हात बर्फात अडकलेला असू शकतो.