काळी माती, जुनी जीन्स आणि घोडीवाला

मराठवाड्यात माणूस कुदळ घेऊन रानात खणायला लागला की बघणाऱ्याच्या डोक्यात एकच गोष्ट येते, गुप्तधन. शोषखड्डा म्हणा, झाड लावायचंय म्हणा, कोणी ऐकत नाही. मी तर सरळ खरं सांगत होतो की मडकी करायला माती पाहिजे, अन् त्यामुळंच सगळ्यांची खात्री पटली, कारण लातुरात नोकरी करणारा, घराचे हप्ते फेडणारा, पोट सुटलेला माणूस मडक्यासाठी एप्रिलच्या उन्हात कुदळ मारतोय हे कुठल्याच हिशोबात बसत नाही.

चुलतभाऊ बांधावर येऊन उकिडवा बसला. "काय खांदलालास रं?"

"माती."

"ते दिसलालंय. घावलं काय?"

"माती घावली."

त्यानं शांतपणे तंबाखू मळली, चिमूट लावली अन् म्हणाला, "निम्मं माझं हाय, रान माझ्या नावावर हाय."

संध्याकाळी पारावर चर्चा होती की माझ्याकडं मोडीतला कागद आहे. दुसरा एक जण वेगळाच, त्यानं गौण खनिज, तलाठी, रॉयल्टी, दंड असं सगळं ऐकवलं. वर म्हणाला, कुंभाराला माफ असतंय, तुला नाही. म्हणजे गावात एकतर सोनं चोरणारा नाहीतर सरकारची माती चोरणारा, एवढ्या दोनच जागा माझ्यासाठी शिल्लक होत्या.

हा सगळा घोळ व्हिडिओंमुळं झाला. परदेशातला कोणी दाढीवाला ओढ्याकाठी जातो, हातानं माती उकरतो, मळतो, मडकं करतो, भाजतो, त्यात चहा करून पितो, अन् हे सगळं बारा मिनिटांत. पण त्याची माती त्याच्या ओढ्याची, आपली मराठवाड्याची. आपली काळी म्हणजे दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन झालेली, तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती ठासून भरलेली, आणि ही बाई पाणी दिसलं की फुगते अन् ऊन दिसलं की आकसते. उन्हाळ्यात रानात भेगा पडतात, हात घातला तर कोपरापर्यंत जातो. नव्या घराच्या भिंतीला दुसऱ्या पावसाळ्यात तिरपी चीर जाते अन् सगळे मिस्त्रीला शिव्या घालतात, तो बिचारा कितीकदा निर्दोष असतो, खाली ही बसलेली असते. कापसाला हिच्यासारखी माती नाही. मडक्याला मात्र हिच्यासारखी सासू नाही.

मी आधी एक चपटी ताटली थापली अन् तिच्यावर खिळ्यानं बरोबर 10 सेंटीमीटरची रेघ मारली. माती किती आकसते ते बघायची ही जगभरची रीत आहे. रेघ वाळून साडेआठ सेंटीमीटर झाली, ताटलीचे चारही कोपरे वर आले अन् मधून ती दोन तुकडे होऊन पडली. मुलगी म्हणाली, "बाबा, छान झालाय पापड."

आता माती शुद्ध कशी करायची ते सांगतो. ढेकळं आधी उन्हात कडक वाळवायची, कारण कोरडं ढेकूळ पाण्यात टाकलं की फसाफसा फुटून विरघळतं, ओलं टाकलं तर आठवडाभर तसंच बसतं. मग पातळ कालवण करायचं, चाळणीतून गाळायचं, खडे, मुळ्या, गोगलगायी वगैरे काढायच्या, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी ओतून द्यायचं. वाचायला सोपं आहे. पण आमचं घर लातुरात आहे, जिथं 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, आणि ज्या घरातल्या बाईनं ते दिवस काढलेत तिच्यासमोर मी सहा बादल्या पाण्यात चिखल कालवून "आता वरचं पाणी ओतून द्यायचं" असं म्हणालो. त्यानंतर जे बोलणं झालं त्यात माझ्या आईकडच्या लोकांचाही उल्लेख आला. शेवटी ते पाणी झाडांना घालायचं असं ठरलं. आणि चाळणी जी मी वापरली ती पिठाची होती हा विषय निघाला, तो अजून मिटलेला नाही.

वरचं पाणी नितळ व्हायला पाहिजे होतं, ते होईना. रोज सकाळी बघावं तर काळपट चहा. ह्या मातीचे कण एवढे बारीक असतात की ते खाली बसायचं नावच घेत नाहीत. मग आई आली, बादलीत बघितलं अन् देवळीतून तुरटी आणून चार वेळा फिरवली, टँकरचं पाणी आलं की फिरवायची तशीच. दुपारपर्यंत पाणी स्वच्छ अन् खाली लोण्यासारखा गाळ. व्हिडिओवाल्यानं ह्याला काहीतरी भारी शास्त्रीय नाव दिलं होतं, आईनं फक्त "एवढं पण कळत नाही का" म्हटलं.

राहिला प्रश्न त्या गाळातलं पाणी काढायचा. धोतर घरात नाही, नऊवारीला हात लावायची हिंमत नाही, म्हणून माझी जुनी जीन्स घेतली, पायाकडची टोकं सुतळीनं आवळून बांधली, दोन्ही पायांत गाळ भरला, कमरेला बेल्ट लावला. जीन्समधून पाणी झिरपतं अन् माती आत राहते, हा उपाय खरंच चांगला आहे, कोणाला करायचा असेल तर करा. फक्त कुठं ठेवताय ते बघा. मी ती गच्चीच्या कठड्यावर ठेवली, एक पाय आत, एक पाय बाहेर. वजन एवढं की हलेना, गुडघे चांगले गुबगुबीत आलेले, पोटऱ्या भरलेल्या, अन् टाचेतून थेंब थेंब पाणी गळत होतं.

रात्री लाइट गेली. शेजारच्या काकू हवा खायला गच्चीवर आल्या, चांदणं बरं होतं, अन् त्यांना आमच्या कठड्यावर निवांत बसलेला माणूस दिसला ज्याला कमरेच्या वर काहीच नव्हतं. काकूंचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. पोरं मुंजा मुंजा ओरडत पळाली, काका काठी घेऊन आले, आणि मी खालून "काका, ती माझी पँट आहे" असं सांगत होतो, त्यामुळं प्रकरण सुधारण्याऐवजी आणखीच विचित्र झालं. काकू आजही माझ्याशी बोलताना आधी पायांकडं बघतात.

तर अशी तयार झालेली माती घेऊन मी तेरच्या बाजूला एका कुंभार आजीकडं गेलो. तेर म्हणजे गोरोबाकाकांचं गाव. तिथल्या लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या भाजलेल्या मातीच्या मूर्ती आहेत, तब्बल दोन हजार वर्षांपूर्वीच्या, इतक्या नाजूक की बघून मला माझ्या ताटलीची जास्तच लाज वाटली. आजीनं माझा गोळा दाबला, बोटाएवढी वळी केली, बोटाभोवती गुंडाळली, नाकाशी नेली अन् म्हणाली, "लई चिकट हाय रं बाबा. नुसती काळी घेत्यात व्हय? हिला राख पाजावं लागती, लीद चारावं लागती, तळ्याचा गाळ मिसळावा लागतो. मंग ऐकती." मग तिनं माझी ताटली, म्हणजे अर्धी ताटली, वाजवून बघितली अन् माझ्याकडं बघितलं. गोरोबाकाकांनी थापटण्यानं संतांची डोकी वाजवून बघितली अन् नामदेव कच्चे निघाले ही कथा मला माहिती आहे, अन् आजीचं लाकडी थापटणं तिच्या हाताशीच पडलं होतं. मी दोन पावलं मागं सरकलो.

गाळ मिळाला, राख मिळाली. लीद कुठून आणणार? गाढवं आता दिसत नाहीत, वीटभट्टीवर पण ट्रॅक्टर. शेवटी वरातीच्या घोडीवाल्याला फोन केला. तो आधी लग्नाची तारीख विचारत होता, मग बँड पाहिजे का विचारत होता, मी लीद म्हणालो तेव्हा बराच वेळ फोनवर फक्त घोडी खिंकाळल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "साहेब, सुकी का ओली?" ह्याला म्हणतात धंदेवाईक माणूस.

नवीन मिश्रण खरंच ऐकायला लागलं. वाटी झाली, सुगडं झालं, एक माठ झाला ज्याला आजी "गाडगं म्हण" असं म्हणाली. लीद अन् राख मिसळली की माती जरा मोकळी होते, आतली वाफ बाहेर पडायला वाट मिळते, म्हणून तडकत नाही. तरी आजी म्हणाली थोडी वाळू टाक, तर चुलतभावानं घराच्या बांधकामातली घमेलंभर वाळू मोठ्या मनानं दिली. आजीच्या आव्यात पराट्या, गोवऱ्या, तुराट्या रचून भाजलं अन् सगळी भांडी लालसर, खणखणीत निघाली. मी फोटो टाकले. कौतुक झालं.

चौथ्या दिवशी रात्री कपाटात टप् असा आवाज. परत टप्. सकाळी बघितलं तर वाटीच्या पोटातून रुपयाएवढा पापुद्रा उडालेला अन् खड्ड्यात मधोमध पांढरा ठिपका. आपल्याकडच्या वाळूत चुनखडीचे बारीक खडे असतात. 700-800 अंशांच्या पुढं भाजलं की त्यांचा कळीचा चुना होतो, मग तो हवेतला ओलावा ओढून फुगतो अन् आतून मडकं फोडतो. एका खड्यावर मी संडास साफ करायचं ॲसिड टाकून बघितलं, जो फेस आला! चुलतभावाला फोन केला तर म्हणाला, "मंग माझं घर पण फुटंल का?" त्याला काय सांगणार, तो आता रोज भिंतीला कान लावतोय.

सुगडं तेवढं शाबूत राहिलं. आजीनं निरोप पाठवलाय की वाळू तिच्याकडची घे अन् पावसाच्या आत ये. माझी तयारी आहे. पण मधेच घोडीवाल्याचा फोन आला, लग्नसराईत माल साठलाय, तीन पोती भरून ठेवलीत, कुठं टाकू? फोन बायकोनं उचलला. मला वाटतं तिला तो कोणाच्यातरी लग्नातला आहेर वाटला असणार, कारण तिनं पत्ता देऊन गेट उघडं ठेवते म्हणून सांगितलं. टेम्पो निघालाय असा आत्ताच मेसेज आला. ऑफिस सुटून अर्धा तास झालाय, मी इथंच बसून हे टाइप करतोय.